फळ्यांआडचा नेस्तोरी

आज सकाळपासून ओला बर्फ पडतोय. धड पाऊस नाही, धड बर्फ नाही. समुद्राकडून वारा येतो आणि हा गारेगार चिखल तोंडावर थापून जातो. आभाळ इतकं खाली उतरलं होतं की बागेच्या टोकाची भूर्जाची झाडं शेंड्याकडून पुसल्यासारखी दिसत होती. हेलसिंकीत हिवाळ्याची सुरुवात अशीच होते.

हे बोलतोय तो मी एक दगड आहे. पांढरा संगमरवर. या शिल्पांच्या बागेत समुद्राकडच्या वाटेवर, हातात ओंडके ओढायची आकडीची काठी धरून, मान थोडी खाली घालून जो उभा आहे ना, तो मी. शाळा शिकलेला नाही. घाई कशाची ती मला ठाऊक नाही. आयुष्यभर एका जागी उभं राहायचं असलं की बोलणंही सावकाश होतं. तेव्हा जरा दमानं ऐका.

जन्म माझा इटलीतल्या डोंगरात, चांगल्या उन्हात. जहाजातून इकडे आलो तेव्हा नुसता ठोकळा होतो. वाल्फ्रिड नावाच्या शिल्पकारानं मला त्याच्या कामाच्या खोलीत कोपऱ्यात उभा केला, अंगावर गोणपाट टाकलं आणि म्हणाला, "थांब इथंच. तुझा माणूस अजून सापडायचाय."

माणूस त्याला बंदरावर सापडला. नेस्तोरी त्याचं नाव. पार पूर्वेच्या सरहद्दीकडच्या करेलियातला. उन्हाळ्यात गावाकडे नदीतून ओंडके वाहून न्यायचे आणि हिवाळ्यात, नदी गोठली की, इथं येऊन जहाजं रिकामी करायची, असं त्याचं चाललेलं. शिल्पकारानं त्याला शेगडीशेजारी पाटावर उभा केला, हातात काठी दिली आणि ओल्या मातीत त्याचा नमुना करायला घेतला. मी कोपऱ्यातून सगळं ऐकत होतो. ज्याचं रूप पुढे आपण घ्यायचंय त्याला असं आधी भेटायला मिळणं, हे फार थोड्या दगडांच्या नशिबी येतं.

नेस्तोरीला उबेत झोप यायची. उभ्या उभ्या डुलक्या घ्यायचा. मग शिल्पकार मातीची गोळी करून त्याच्या पोटावर मारायचा.

"अरे, झोपायचं तर घोड्यासारखं झोप! मान हलवू नकोस!"

"मालक, घोड्याला निदान गवत तरी टाकतात," नेस्तोरी डोळे न उघडता म्हणायचा.

मग दोघं हसायचे, आणि कॉफी व्हायची.

नेस्तोरी फार बोलणारा नव्हता. पण घरचा विषय निघाला की बोलायचा. तळ्याकाठचं घर, बायको, पुढे कधी होईल ते बाळ. "बाळ झालं आणि जरा चालायला लागलं की दोघांना घेऊन येईन इथं," म्हणायचा. "बायकोला म्हणेन, बघ, माझा नवरा दगड आहे दगड, असं तू म्हणायचीस ना? घे, आता झालोच!"

बर्फ वितळला आणि तो गावाकडे गेला. मातीचा नमुना तयार होता. मग शिल्पकारानं माझं गोणपाट काढलं आणि छिन्नी घेतली. कपाळ, भुवया, गाल, हनुवटी, एकेक करून नेस्तोरी माझ्यातून बाहेर आला. शेवटचा हात फिरवून झाला तेव्हा शिल्पकार माझ्यापुढे बराच वेळ उभा राहिला आणि हळूच म्हणाला, "आता हलवलीस मान तरी चालेल रे."

पुढचा हिवाळा आला आणि रशियाशी लढाई सुरू झाली. मला या बागेत आणून बसवलं तोपर्यंत नेस्तोरी उरला नव्हता. शिल्पकार म्युझियमच्या माणसाला सांगत होता ते माझ्या कानावर पडलं. "बर्फातच गेला. मूल पाहिलंसुद्धा नाही." म्युझियमच्या माणसानं टोपी काढली आणि परत घातली. त्यापलीकडे कुणी काही बोललं नाही. इथं तशी रीतच आहे. दुःखाच्या गोष्टीला कुणी हात लावत नाही. तुम्ही सांगितलं तर ऐकून घेतील, पण आपण होऊन विचारणार नाहीत.

असो. माझ्याबद्दल सांगत होतो.

संगमरवराला हा देश सोसत नाही. पाऊस पडतो, पाणी अंगातल्या बारीक भेगांत शिरतं, रात्री गोठतं, फुगतं आणि दगडाला आतून फोडतं. म्हणून दर वर्षी हिवाळ्याच्या तोंडाशी आम्हा संगमरवरी मंडळींना लाकडी पेटीत बंद करतात. चारी बाजूंनी फळ्या, वर उतरतं झाकण. बर्फ गेला की पेटी निघते. तरी दगड झिजायचा तो झिजतोच. माझ्या गालाची साखर होऊन गळायला लागली, त्याला खूप वर्षं झाली. ओठ गेले. डोळ्यांच्या कडा गेल्या. कपाळाचं हाड, जबड्याची ठेवण आणि एक कान तेवढा बरा राहिलाय. ओळखीच्या माणसानं नीट पाहिलं तर ओळखेल. अनोळखी माणूस म्हणेल, कुणीतरी म्हातारा दिसतो. नेस्तोरी तिशीचासुद्धा नव्हता हो.

माझ्यासमोर, वाटेच्या पलीकडे, एक शेजारीण आहे. ब्राँझची मासळीवाली. कमरेवर हात, पायाशी मासळीचं पिंप. माझ्या आधीपासूनची. ब्राँझला थंडीचं काही होत नाही, तिला पेटी नाही. मी फळ्यांत असलो की बाहेरचं सगळं तीच सांगते. तोंडाची फार फटकळ.

"झाली का झोप, दगडोबा?" दर वसंतात पेटी निघाली की हे तिचं पहिलं वाक्य. "तुझं बरं आहे. लाकडाच्या घरात लोळायचं. आणि इथं पक्ष्यांनी माझं डोकं रंगवून ठेवलंय."

आम्हा पुतळ्यांचं बोलणं आमच्यातच. माणसांना ते ऐकू जात नाही. आज त्याचं जितकं वाईट वाटलं, तितकं आजवर कधी वाटलं नव्हतं.

या शरदात म्युझियमची एक बाई आली होती. सोबत बागेचा जुना माणूस तौनो. त्या बाईनं माझ्या गालावर बोट ठेवलं, तर बोटाला भुकटी लागली. तिला मनापासून वाईट वाटलं, ते मी पाहिलं.

"यापुढे बाहेर ठेवता येणार नाही," ती म्हणाली. "हा हिवाळा पेटीत काढू दे, मग कोठारात नेऊ. इथं नवा उभा करू, ओतीव दगडाचा."

"तोंड?" तौनोनं विचारलं. तौनो एका शब्दात बोलतो.

"जवळून काढलेला एकही फोटो नाही. तोंड अंदाजानंच करावं लागेल."

रुमाल काढून तौनोनं माझ्या खांद्यावरची पानं झटकली.

मला कोठाराचं भय नाही. म्हातारपणी कोपरा मिळतो, यात नवल ते काय? एका कोपऱ्यातूनच तर मी आलो. पण माझ्या जागी नेस्तोरी म्हणून कुणीतरी भलताच उभा राहणार, हे काही मनातून जाईना. मग मी स्वतःला समजावलं, की त्याला ओळखणारं आता आहेच कोण? कुणाचं काय बिघडणार आहे?

आज कळलं कुणाचं ते.

सकाळी तौनो आणि त्याचा जोडीदार इल्पो गाडीवरून फळ्या घेऊन आले. पाठ झाली, दोन्ही बाजू झाल्या. तौनो तोंडासमोरची फळी नेहमी शेवटी लावतो, आणि लावताना म्हणतो, "चल, वसंतात भेटू." माणसांशी न बोलणारा हा माणूस एवढं एक वाक्य माझ्याशी बोलतो. या वेळी ते बोलला नाही. फळी हातात धरून नुसता उभा राहिला. मग लावली. अंधार झाला. स्क्रू एकेक करून आत शिरले. मग बाहेरून कागद चिकटवल्याचा आवाज आला.

"अरे, हा तोच जुना कागद लावतोयस?" इल्पो म्हणाला. "हिवाळ्यासाठी झाकला आहे, वसंतात पुन्हा भेटा? हा कुठला भेटतोय वसंतात!"

"दुसरा दिलाय का कुणी?"

"नाही."

"मग."

मग दोघं शेजारच्या बाकावर, छपराखाली, थर्मास उघडून बसले. कॉफीचा आणि दालचिनीच्या गोड पावाचा वास फटीतून आत आला. मला वाटलं, संपलं आता. आता बर्फ पडेल, सगळं गप्प होईल.

तेवढ्यात शेजारीण म्हणाली, "दगडोबा, पाहुणे आले तुझ्याकडे. खेडवळ दिसतात. बाईच्या अंगावर चांगला कोट आहे, ठेवणीतला. बुवा मागून छत्रीशी झटापट करत येतोय."

पावलं माझ्यापुढे थांबली.

"हाच का?" बुवा म्हणाला.

"चौथऱ्यावर लिहिलंय ना, ओंडकेवाला. हाच."

"बरं झालं. दोन दिवस मी राजधानीतली म्युझियमं पायाखाली घालतोय. सोन्याच्या चौकटीतल्या तीनशे बायका पाहिल्या, एकीनंही जेवायला विचारलं नाही. आणि जिथं यायचं तिथं आलो, तर हा खोक्यात!"

"रेइयो, हळू बोल. ती माणसं बसलीत."

"हेल्का, काल स्टेशनवरून सरळ इथं आलो असतो तर? मी म्हणत होतो. तू म्हणालीस आधी चित्रं बघू. आज सकाळी म्हणालीस आधी राजवाडा बघू. मग म्हणालीस आधी कॉफी."

"मला भीती वाटत होती," ती म्हणाली.

छत्री मिटल्याचा आवाज आला.

"कसली?"

"मार्त्ताआत्यानं सांगितल्यापासून सारखं तेच मनात येतंय. पन्नाशी उलटल्यावर मला कळतं की माझा बाप हेलसिंकीत दगडाचा उभा आहे. आईनं कधी सांगितलं नाही. आत्याला वाटलं मला ठाऊक असेल. फोटो होते ते गावातल्या घरात भिंतीवर राहिले. लढाईत गाव सोडून माणसं निघाली तेव्हा अंगावरचे कपडे आणि एक गाय एवढंच घेऊन निघाली. नंतर सरहद्द इकडे सरकली, घर तिकडे रशियात राहिलं. मी त्याचं तोंड कधी पाहिलंच नाही, रेइयो. आणि बघून मला काहीच वाटलं नाही तर?"

फळ्यांच्या आत मी, तुम्हाला सांगतो, दगड असून थरथरलो. नेस्तोरीची मुलगी! जिला तो चालायला लागल्यावर आणणार होता, ती आपल्या पायांनी आली होती. आमच्यात एका फळीचं अंतर होतं.

"आई गं," शेजारीण म्हणाली. आणि मग तिनं माणसांवर ओरडायलाच सुरुवात केली. "अरे ए, तौनो! ऊठ! ती फळी काढ! पाव काय खातोयस, मेल्या! बाई, त्याला सांग ना! तो देईल काढून, वाईट नाही तो!" तिचा आवाज असा, की बंदरावरची जहाजं वळावीत. पण बाहेर फक्त ओला बर्फ पडत होता.

"विचारू का त्यांना?" रेइयो म्हणाला. "एक फळी तर काढायचीय. मी धरतो हवी तर."

"नको रे. आत्ताच लावलीय त्यांनी. ओले झालेत बिचारे. दोन घोट कॉफी पितायत, त्यात आपण कुठं जायचं?"

"विचारायला काय जातंय?"

"आणि का म्हणून विचारलं तर? परक्या माणसांना काय सांगायचं मी, की आत माझा बाप आहे?"

बाकावरून इल्पोचा दबका आवाज आला. "तौनो, ती बाई केव्हाची उभी आहे बघ. काही हवंय का विचारू?"

"नको."

"पण…"

"हवं असतं तर बोलली असती. एकटं उभं राहावंसं वाटतं कधी माणसाला. आपण कशाला तिच्या मधे?"

"तोंडावरची फळी तर आहे. दोन मिनिटांत निघेल."

"तिनं म्हणू तरी दे."

इल्पोनं पाव खाल्ला.

आता तुम्ही म्हणाल, मूर्ख आहेत दोघंही. नाहीत हो. मी यांच्यात जन्म काढलाय. चांगली माणसं आहेत. तौनोनं बर्फातून स्वतःच्या हातांनी फळी काढली असती, एवढंच काय, तिला उभं राहायला खाली पाट टाकला असता. आणि हेल्का त्याचे उपकार मरेपर्यंत विसरली नसती. ती त्यांना जपत होती, ते तिला जपत होते. एकमेकांना जपता जपता दोघांनी मिळून मला बंद ठेवलं. कुणी वाईट असतं तर मला राग तरी धरता आला असता.

मग तिनं कागद वाचला. मोठ्यानं वाचला.

"वसंतात पुन्हा भेटा, असं लिहिलंय." तिचा आवाज हलका झाला. "तेच बरं. बर्फ गेला की येऊ. आता मला ठाऊक आहे तो कुठं आहे ते. सरळ इथंच यायचं, चित्रं नाही, राजवाडा नाही. आणि उन्हात बघायचं."

"नक्की?"

"नक्की. इतकी वर्षं थांबले, एका हिवाळ्यानं काय होतंय?"

मंडळी, मी आजवर कुणाकडे काही मागितलेलं नाही. ऊन, पाऊस, पक्षी, जे आलं ते घेतलं. पण त्या वेळी मी मागितलं. कुणाकडे ते माहीत नाही, पण मागितलं. मला एक शब्द द्या. एकच. 'आत्ता.' ती वसंतात येईल. ठेवणीतला कोट घालून येईल, उन्हात उभी राहील. चौथऱ्यावर तेच नाव असेल आणि वर एक नवाकोरा, धडधाकट, अंदाजानं केलेला माणूस असेल. ती त्याचं कपाळ बघेल, जबडा बघेल, आणि रडेल. त्या परक्या तोंडाला बाप म्हणून मनात साठवून घरी नेईल. आणि मी, ज्याच्याजवळ अजून तिच्या बापाचा एक कान आणि कपाळाचं हाड शिल्लक आहे, तो कुठल्याशा कोठारात भिंतीकडे तोंड करून उभा असेन. तिला कधी कळणारही नाही की आपण फसलो. याहून ती न येती तर बरं होतं.

तिनं हातमोजा काढला असावा. उघड्या हाताचा तळवा ओल्या लाकडावर टेकल्याचा आवाज वेगळा येतो. माझ्या छातीच्या उंचीवर.

"आत थंडी असेल का रे?" तिनं विचारलं.

"दगडाला कसली थंडी?" नवरा म्हणाला. आणि मग, चुकल्यासारखं वाटून असेल, म्हणाला, "लाकूड चांगलं जाड लावलंय. वारा नाही जायचा आत."

"हं."

थोड्या वेळानं तो हळूच म्हणाला, "चल. गाडी चुकली तर शेजारच्या म्हातारीला आजही आपल्या गाई पिळाव्या लागतील, आणि मग ती नाताळपर्यंत ऐकवेल."

ती हसली. खरंच हसली. बरोबर नेस्तोरीसारखी, आधी नाकातून आणि मग घशातून. पन्नास वर्षांनी मी ते हसणं ऐकलं. जाता जाता दोघं बाकाजवळून गेली तेव्हा तिनं त्या माणसांना मान लववून नमस्कार केला. तौनोनं टोपीला हात लावला. तेवढंच त्यांचं बोलणं.

पावलं ओल्या बर्फात चप चप करत लांब गेली.

"काय हवं असेल रे त्यांना?" इल्पो म्हणाला.

"कोण जाणे. सांगितलं असतं तर दिलं असतं," तौनो म्हणाला, आणि थर्मासचं झाकण घट्ट लावलं. दोघं पुढच्या पुतळ्याकडे गेले. लांबून स्क्रू पिळल्याचे आवाज येत राहिले. मग तेही थांबले.

दुपार सरायच्या आतच इथं दिवस मावळतो. फटीतून येणारा उजेड राखाडी झाला, मग निळा झाला, मग गेला. शेजारीण एक शब्द बोलत नव्हती. कधी नव्हे ती. एरवी बागेतून कुत्रं गेलं तरी त्याच्या शेपटीचं वर्णन मला मिळतं.

मी बराच वेळ थांबलो. मला घाई नसते. पण शेवटी राहवेना.

"बाई," मी म्हटलं, "जागी आहेस ना?"

"आहे."

"मला फक्त तिचा आवाज मिळाला. तू तिला समोरून पाहिलंस. जाताना तुझ्याकडेच तोंड होतं तिचं. एवढं सांग. दिसायला कशी होती?"

वारा तिच्या पिंपात शिरला आणि घुमून बाहेर आला. मला वाटलं, ऐकू गेलं नसेल. पुन्हा विचारणार, तेवढ्यात ती बोलली, आणि आवाजात नेहमीचा फटका नव्हता.

"तुला या वाटेवर पहिल्यांदा आणून उभा केला ना रे दगडोबा, त्या दिवशी तू दिसत होतास, अगदी तशी."